कोऱ्या माथ्याचे गोविंदपंत

गोविंदपंत कागदाच्या माथ्यावर श्री लिहीत नसत.

आता हे वाचून कोणाला काही वाटणार नाही. पण त्या काळी आमच्या वऱ्हाडात शेजाऱ्याकडून विळा मागवायची चिठ्ठीसुद्धा श्रीकारानं सुरू व्हायची. पंतांच्या कागदावर तिथं बोटभर जागा कोरी असायची. ती चुकून राहिलेली नसायची. बोरू दौतीत बुडवण्याआधी ते डाव्या हाताचं मधलं बोट कागदावर आडवं ठेवत, तेवढी जागा सोडत आणि मग खाली लिहायला लागत. कोणी म्हणालं, "पंत, वरतं श्री राह्यलं," तर मान वर न करता उत्तर यायचं, "जागा ठेवली हाय नं. ज्याची त्यानं भरावी."

यावरून ते नास्तिक होते असं कोणी समजू नये. पहाटे आंघोळ, मग दोन तास पूजा, एकादशीला पाण्याशिवाय काही नाही. सोवळं इतकं कडक की तीन वर्षं शेजारी बसून लिहिलं, पण माझ्या हातचं पाणी ते प्याले नाहीत. मी माळी. एकदा मी चिडून म्हणालो की पंत, कागदावर सगळे सारखे आणि लोट्यावर नाहीत, हे कसं? "ते कमीपण माह्यं हाय, लक्ष्मणा," ते म्हणाले, "कलमाचं नाही." पाणी मात्र तरीही प्याले नाहीत.

मी मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णेच्या काठी आमची वांग्या-कोथिंबिरीची वाडी होती. सरकारी शाळेत चार अक्षरं शिकलो आणि त्या अक्षरांच्या जोरावर अमरावतीला कापसाच्या बाजारात कारकून झालो. तेव्हा अमेरिकेत आपापसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेला एकाएकी वऱ्हाड आठवलं होतं. आगगाडी अजून बडनेऱ्याला पोचायची होती. सगळा माल गाड्यांवर. शहराच्या परकोटाच्या भिंतीबाहेर नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या, आणि हवेत सारखी रुई. नाकात रुई, भाकरीवर रुई, दौतीत रुई. बैल थकलेले, गाडीवान थकलेले, आम्ही लिहिणारे तर बसल्या जागी थकलेले. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरभराटीची वर्षं होती असं लोक म्हणतात. मला आठवते ती फक्त न मिळालेली झोप.

गाड्यांची गर्दी आवरेना तेव्हा तिघांनी मिळून परकोटाबाहेरच्या माळावर नवा बाजार वसवायचं ठरवलं. त्यातले एक सेठ पन्नालाल, मोठे व्यापारी, जैन. दुसरे रहीमभाई, निम्म्या गाडीवानांचे मुकादम. तिसरे चांदूर बाजाराकडचे सखाराम पाटील, ज्यांच्या शब्दावर पन्नास गावचा कापूस हलायचा. बाजाराचा करारनामा लिहायचं काम पंतांकडे आलं. पंत मूळ नांदगाव खंडेश्वरचे, हिशोबाचे चोख आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नसणारे, म्हणून.

पहिल्याच बैठकीत कागद अडला. सेठ म्हणाले, माथ्यावर श्री हवं आणि बाजाराच्या मधोमध देऊळ हवं. पाटील म्हणाले, देऊळ हवंच, पण अंबादेवीचं, आणि रोजची पहिली बोली देवीच्या नावानं. रहीमभाई म्हणाले, मग आमच्या गाड्या कोणाच्या नावानं आत येतील तेही लिहा, नाहीतर त्या बाहेरच बऱ्या. तिघंही उठून गेले. पंतांनी कोरा कागद गुंडाळून ठेवला.

त्या दिवसांत कापसाचे गठ्ठे दाबायचं यंत्र दुरुस्त करायला एक अमेरिकन मिस्त्री आला होता. आपल्या मुलखात बरीच वर्षं काढलेला, मोडकं हिंदुस्थानी बोलणारा म्हातारा. आम्ही त्याला जानसाहेब म्हणायचो. पंतांनी त्याला गाठून विचारलं की तुमच्याकडं राज्य नवं मांडलं तेव्हा माथ्यावर कोणाचं नाव घातलं? जानसाहेबानं तेलाचे हात पुसत सांगितलं की आमच्या वडीलधाऱ्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. कोणी दर रविवारी देवळात जाणारा, कोणी जाऊन शेवटची प्रार्थना व्हायच्या आत उठून येणारा. कोणी म्हणायचा, देवानं जग घड्याळासारखं किल्ली देऊन सोडलंय, आता तो बघत नाही. मग त्यांनी कायद्यात देव घातलाच नाही. सरकारचा कोणता धर्म नाही, ज्याचा त्याच्यापाशी.

पंतांचा चेहरा असा उजळला की जणू दूरचा भाऊबंद सापडला. मग त्यांनी विचारलं, "इतके शहाणे होते, मंग आता लढून काहून राह्यले?" जानसाहेब म्हणाला की ती भांडणं माणसं विकत घेण्यावरून आहेत, आणि दोन्हीकडचे रोज सकाळी एकाच देवाला विजय मागतात. एवढं बोलून तो पुन्हा यंत्राखाली शिरला.

दुसऱ्या दिवसापासून पंत एकेकाच्या घरी जाऊ लागले. प्रत्येकाला एकच विचारायचं, की मनातून तुम्ही काय मानता? मी सोबत होतो, पण बोरू काढायचा नाही अशी ताकीद होती. तिघंही आता हयात नाहीत म्हणून लिहितो. देवळाचा हट्ट धरणारे सेठ म्हणाले की मुलगा गेल्यापासून माझे हात जुळत नाहीत, देऊळ हवंय ते आईसाठी, तिला वाटतं मी अजून जातो. रहीमभाईंनी घराचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं की लहानपणी आईनं अंबादेवीला नवस बोलून मला वाचवलं, तेव्हापासून दर वर्षी कोणाच्या तरी हातून देवीला नारळ जातो. आणि देवीसाठी भांडणारे पाटील? ते गुरुवारी दिवस उगवायच्या आत एका पिराला जात होते, कारण बैल लागोपाठ मरायचे थांबले ते तिथं धूप घातल्यावर. "पन हे बाजारात बोलू नका पंत," पाटील म्हणाले. तिघंही हेच म्हणाले होते.

परतताना पंत एका बाभळीखाली बसले. खूप चालल्यासारखे दिसत होते. "तिघायनं मले जे सांगतलं ते भल्या माणसायचं बोलनं हाय," ते म्हणाले. "अन् ते बाहेर निंघालं तं तिघायलेही लोक तोंड दाखवू देनार नाहीत. म्हनून माथा कोरा पाह्यजे. देवाले हाकलाले नाही. मानसाले लपाले जागा पाह्यजे."

त्यांनी करारनाम्यात कलम लिहिलं ते मला अजून पाठ आहे. बाजाराचे हद्दीत कोणत्याही देवाचे ठाणे होणार नाही. देवावरून कोणास आत घेणे नाही व देवावरून कोणास बाहेर काढणे नाही. तिघांनी सही केली. प्रत्येकानं पंतांकडे एकदा पाहिलं आणि सही केली. माझ्या समजुतीप्रमाणे ती कलम पटलं म्हणून केली नव्हती. पंतांना सगळं माहीत होतं आणि ते बोलले नव्हते, म्हणून केली.

बाजार भरून दोन महिने झाले असतील. एका सकाळी माळावरच्या कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला दगड दिसला. पुढं हळदकुंकू, फुलं. दुपारपर्यंत त्याच्या शेजारी चार विटा आणि वर हिरवी चादर आली. संध्याकाळी दोन्हीकडं माणसं जमली. बोली बंद, गाड्या उभ्या, काठ्या हातात. कोणी कोणाला शिवी दिली नव्हती, पण देणारच होतं. तिघा मालकांपैकी एकही पुढं होईना. शेंदराला हात लावायचा कोणी, आणि चादरीला तरी कोणी?

पंत घरी गेले. आम्हाला वाटलं, सुटले. ते आंघोळ करून ओलेत्यानं परत आले. दगडासमोर बसून त्यांनी रीतसर पूजा केली, घाई न करता, नेहमीसारखी. आरती झाली. मग दगडापुढं डोकं टेकून काहीतरी पुटपुटले, तो उचलून डोक्यावर घेतला आणि नाल्यापलीकडं, बाजाराच्या हद्दीबाहेर, एका पिंपळाखाली नेऊन ठेवला. परत आले. हातपाय धुतले. चादरीची नीट घडी घातली, तीही डोक्यावरच घेतली आणि दर्ग्याच्या मुजावराच्या हाती दिली. विटा मी नेल्या. गर्दी कधी पांगली ते कळलं नाही. मला वाटतं, लोक भांडायलाही फार थकले होते, आणि कोणीतरी आपलं ओझं उचलावं एवढीच वाट पाहत होते.

बाजार वाचला. पंत मात्र वाचले नाहीत. शेंदूर लागलेला देव हलवला आणि त्याच डोक्यावर दर्ग्याची चादर नेली, म्हणून त्यांच्या जातीतल्या मंडळींनी त्यांना पंगतीतून उठवलं. प्रायश्चित्त घ्या म्हणाले. पंत म्हणाले, देवाची माफी मागून झाली, तुमची काहून मागू? वडिलांच्या श्राद्धाला भटजी मिळाला नाही. ते स्वतःच मंत्र म्हणून मोकळे झाले. कामावर येत होते, बोट ठेवून जागा सोडत होते, लिहीत होते. फक्त बोलणं कमी झालं. मीही विचारलं नाही. त्या दिवसांत कोणी कोणाला फारसं काही विचारत नसे.

मग अमेरिकेतली लढाई संपली. बातमी आली आणि थोड्याच दिवसांत भाव कोसळले. गाड्या विरळ झाल्या, सेठ मुंबईकडं गेले, बाजारात गवत वाढलं. मी अकोल्याला परत जायचं ठरवलं आणि गाडी जुंपायच्या आधी पंतांचा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो.

ओसरीवर ते एकटेच ज्वारी निवडत बसले होते. आत चूल थंड होती. दोरीवर एकच धोतर. मी विचारलं, काकू कुठं आहेत? त्यांनी खडे बाजूला टाकत सांगितलं की यमुना नांदगावले भावाकडं गेली, तिचं माहेर माह्याच गावचं, त्याले दीड वर्ष झालं. मला धक्का बसला. इतके दिवस आम्ही शेजारी बसलो होतो. हळूहळू त्यांनी सांगितलं. काकूंकडं हळदीकुंकवाला कोणी येईना, विहिरीवर बायका घागर बाजूला घेत. शेवटी त्या म्हणाल्या, प्रायश्चित्त घ्या, नाहीतर मला माहेरी पोचवा. वाळीत टाकलेल्या घरात माझा देव बसत नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग मीच गाडी केली अन् पोचवून आलो."

"आणायला नाही गेलात?"

त्यांनी ज्वारीतला एक खडा उचलून बाहेर टाकला. "लक्ष्मणा, देवावरून कोनाले अडवनार नाही असं मी लिवलं. बाजारातल्या परक्या मानसाले अडवलं नाही. तिले कसा अडवू? तिचं मानणं तिचं हाय." मग जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तू नांदगावावरून जाशीन का? वाकडी वाट पडते. तिची तब्येत पाह्यजो. मी धाडलं म्हनून सांगू नको."

मी नांदगावला गेलो. भावाच्या ओसरीवर बसलो. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या, वाळल्या होत्या. मी म्हणालो की अकोल्याला जात होतो, वाटेत गाव लागलं. त्या म्हणाल्या की अमरावतीहून अकोल्याच्या वाटेवर नांदगाव लागत नाही. त्यांनी विचारलं, ते जेवतात का? मी म्हणालो, जेवतात. माझ्या आवाजावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

"प्रायश्चित्त घेतलं का त्यायनं?"

"नाही."

त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. मला वाटलं, आता रडतील किंवा रागावतील. त्या म्हणाल्या, "आता घेऊ नका म्हना. दोघायनं इतकं सोसलं, ते कोनाच्या घशात घालाचं?"

मी म्हणालो, निरोप सांगतो.

"तुमी कसे सांगसान? तुमी तं अकोल्याले चालले." आणि त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात गाठोडं होतं आणि मागं भाऊ, पायात वहाणा घालत.

मी गाडीवानाला बैल फिरवायला सांगितलं. काकू आणि भाऊ मागं बसले. आम्ही पोचलो तेव्हा पंत अंगणात पाणी मारत होते. गाडी थांबलेली पाहून ते तिथंच उभे राहिले, भांड्यातलं पाणी पायावर सांडत राहिलं. मग पुढं होऊन त्यांनी काकूंच्या हातातलं गाठोडं घेतलं. काकूंकडं पाहायचं त्यांना जमेना, म्हणून ते माझ्याकडं वळले आणि माझ्यावर रागावल्यासारखे म्हणाले, "काहून रे, तू अकोल्याले जानार होता नं?"