फोर एटी सिक्स आणि नानांची बशी

भास्करनाना कॉम्प्युटरचा वेग चहाच्या बशीने मोजत. विमानाचा गेम सुरू करायचा, कपातला चहा बशीत ओतायचा आणि फुर्र फुर्र प्यायला लागायचं. पडद्यावर विमान येईपर्यंत जितक्या बशा रिकाम्या होतील, तितक्या बशांचं ते मशीन. गल्लीतल्या एका हौशी माणसाचं मशीन चार बशांचं निघालं, तेव्हा नानांना पित्त झालं आणि त्यांनी त्या माणसाशी बोलणंच सोडलं.

नाना मूळचे धुळ्याचे. जळगावात सरकी काढणाऱ्या एका जिनिंग गिरणीत कापसाची प्रत ठरवायचे. चिमटीत रुई ओढून पाहिली की व्यापारीसुद्धा गप्प. हीच पारख ते कॉम्प्युटरला लावत. मशीनच्या पाठीला हात लावून ताप बघत, पंख्याला कान लावत, आणि दुकानदार फार बोलायला लागला की म्हणत, "आधी देखू, मंग बोलू!" लग्न का केलं नाही असं विचारलं, तर म्हणत, "देखा-देखामाच राही गयं, भो."

मग एका वर्षी शहरात फोर एटी सिक्स आला. कॉम्प्युटरचा जुना मेंदू, म्हणजे थ्री एटी सिक्स, काढून हा नवा बसवावा का, या प्रश्नाने आम्हा गेम खेळणाऱ्या रिकामटेकड्यांची झोप उडाली. पण नानांचा कौल आल्याशिवाय कुणी हलेना. चाळीसगावहून लोक विचारायला येत. नाना आपले देखतच होते. शेवटी दुकानदार टेकीला आला आणि नव्या मेंदूचं बोर्ड घेऊन त्यांच्या घरीच धडकला. "चार दिवस वापरा नाना, पण एकदाचं काय ते सांगा!"

तमाशा बघायला मीही गेलो. दुकानदाराने बोर्ड बसवलं. नानांनी बशी भरली, गेम सुरू केला. बशी ओठाला लागायच्या आत विमान धावपट्टीवर हजर! चहा सगळा सदऱ्यावर. एरवी अडखळत जाणारं विमान सरळ ढगात घुसलं, आणि नाना खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे-उजवीकडे कलू लागले. "उडनं रे भो, उडनं!" दुकानदाराने माझ्याकडे बघून डोळा मारला. सौदा झाल्यात जमा होता.

मग अक्कांची पाळी आली. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आई गेल्यावर त्यांनीच नानांना वाढवलं. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. तो परत यावा म्हणून नानांनी त्यांना एक जुना, साधा गेम शिकवला होता. झाडावरून आंबे पडतात, टोपली सरकवून ते झेलायचे. अक्का रोज त्याच हाताने खेळायच्या. त्यांनी पहिल्यांदा टोपली भरली, तेव्हा नानांनी गल्लीभर पेढे वाटले होते.

त्या गेमचा वेग मशीनच्या वेगावर ठरायचा. नव्या मेंदूवर आंबे गारांसारखे कोसळले. दुकानदाराने वेग कमी करायचं बटण दाबून पाहिलं, तरी फारसा फरक पडेना. अक्कांचं बोट हलायच्या आत खेळ संपला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"बठ्ठा आंबा पडी ग्यात. मना हात परत गया रे, भास्कर."



नाना ताडकन उठले. "हात नही अक्का, मशीनच भंगार शे!" आणि दुकानदाराकडे वळून म्हणाले, "काढा हे. आत्ताच्या आत्ता."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी फोर एटी सिक्सची अशी बदनामी मांडली की विचारू नका. तापतो म्हणे. जळगावचा उन्हाळा सोसत नाही म्हणे. नशिराबादेत एकाच्या मशीनमधून धूर निघाला म्हणे. लोकांनी बेत रद्द केले. दुकानदार नानांचं नाव काढलं की दातओठ खायचा. नानांनी नाकारलेलं ते बोर्ड शेवटी मीच घेतलं.

मग रविवारी दुपारी, अक्कांचा डोळा लागला की, नाना माझ्याकडे येऊ लागले. चहा नको म्हणायचे, सरळ विमानात बसायचे. खेळ चांगला रंगात आला असताना मधेच घड्याळ बघत आणि उठत. अक्का जाग्या होण्याच्या आत जुनं मशीन सुरू करून ठेवायचं असे.

एकदा दारात चपला घालताना ते थांबले.

"तुनं मशीन एक नंबर भंगार शे. समजनं?"

"हो नाना."

"अक्कानी इचारं, त हाईच सांगजो."