गफूरमियाँची ताजी खबर

गफूरमियाँना समोरच्याची तब्येत विचारायची खोड होती, आणि ती खोड साधी नव्हती. सकाळी दहाला त्यांनी विचारलं आणि तुम्ही बरी आहे म्हणालात, की प्रकरण मिटलं असं कुणालाही वाटेल. साडेदहाला ते पुन्हा विचारत. मघाशीच तर सांगितलं, असं म्हणून माणूस वैतागला की ते शांतपणे म्हणत, "ते मघाचं झालं. आत्ताचं सांगा."

हिंगोलीत सगळे त्यांना हवामियाँ म्हणत. नाव शेख गफूर, वय पन्नाशीच्या पुढे, अंगात खाकी कोट, कोटाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. त्या चिठ्ठ्यांनी माझ्या आयुष्याची चार वर्षं खाल्ली. मी तिथल्या तारऑफिसात तारबाबू होतो.

दिवस लढाईचे होते, राज्य निजामाचं होतं. जुन्या छावणीच्या कवायतीच्या मैदानावर विमान उतरायची सोय केली होती. उतरायचं कधी महिन्यातून एखादं, पण सोय म्हणजे सोय. तिथं एक खांब, खांबावर वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी, एक थर्मामीटर आणि या सगळ्यांचे मालक गफूरमियाँ. त्यांनी वारा, ढग आणि लांबवर काय काय दिसतं ते पाहून चिठ्ठीवर लिहायचं. मी ती खबर तारेनं मोठ्या विमानतळावर धाडायची. तिथला माणूस ती बिनतारीवरून वरच्या वैमानिकांना वाचून दाखवी, आणि नवी येईपर्यंत जुनीच पुन्हा पुन्हा वाची. विमान येवो न येवो, दिवसभर दर तासाला एक खबर, असा नियम होता. मधेच मोठा बदल झाला तरच जादा.

आता मोठा बदल म्हणजे केवढा, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. तिथंच माझा घात झाला.

गफूरमियाँना प्रत्येक बदल मोठा वाटे. आकाशाचे आठ भाग धरून त्यातले किती ढगानं झाकलेत ते लिहायचं असतं. तीन भागांचे साडेतीन झाले की मियाँ सायकलवरून हजर. पिशवी जरा वाकडी फुगली, हजर. मी डबा उघडलेला असो की जेवून जरा भिंतीला टेकलेलो असो, खिडकीतून चिठ्ठी आत येई आणि मागून आवाज, "तारबाबू, पहिली खबर शिळी झाली."

शिळी हा त्यांचा लाडका शब्द. किती लांबचं दिसतं ते मैलांत लिहायचं असतं, पण मैलांवर त्यांचा भरवसा नव्हता. जिनिंगचं धुराडं दिसतं, मशिदीचा मनोरा दिसतो, औंढ्याकडचे डोंगर दिसत नाहीत, असं ते लिहीत आणि त्याचे मैल मी करायचे. एकदा मी म्हणालो, मियाँ, डोंगर काही पळून जात नाहीत, सकाळचंच लिहा की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना नासलेलं दूध पाजायला निघालो होतो.

"डोंगर हाय तिथंच ऱ्हाते. पर वर कुनाचं तरी लेकरू उडून राहिलं. त्याला आत्ता दिसून राहिला का, ते सांगायचं."

गावात ही तऱ्हा सगळीकडे. कुणी म्हणालं, तुमच्या भाच्यानं सलाम सांगितलाय, तर हे विचारणार, कधी सांगितला? सकाळी की दुपारी? तवा त्याचा खोकला कसा होता? लोक त्यांच्या हाती निरोप द्यायलाच घाबरत. एका लग्नात तर आचाऱ्याला दर दहा मिनिटांनी वाऱ्याची दिशा सांगून त्यांनी चूल तीनदा हलवायला लावली. वरपक्ष उपाशी, पण धूर मात्र कुणाच्या डोळ्यात गेला नाही.

शेवटी माझ्या नाकीनऊ आले. मी वर एक लांबलचक तक्रार लिहिली. जरा तिखटमीठ लावूनच लिहिली, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवसांत हुकूम आला. तासाला एकच खबर, जादा खबरीची गरज तारबाबूला पटली तरच ती घ्यावी, आणि गफूर यांनी पुन्हा तकलीफ दिली तर त्यांना कामावरून काढण्यात येईल. मी तो कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते "बराबर हाय" एवढंच म्हणाले. त्यानंतर महिनाभर मी निवांत जेवलो.

मग फाल्गुनात मैदानाची पाहणी करायला मोठे साहेब विमानानं येणार असं ठरलं. सकाळपासून मैदानावर हारतुरे, खुर्च्या, तहसीलची माणसं. आणि नेमका त्याच दिवशी मैदानालगतच्या शेतात हळद शिजत होती. आमच्याकडं फाल्गुनात हळद शिजते हे सांगायला नको. चुलाणावर मोठाल्या कढया, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर वाफ. वारा पडलेला. दहा वाजेपर्यंत धूर आणि वाफ मैदानावर अशी बसली की जिनिंगचं धुराडंसुद्धा दिसेना. मियाँनी तसं लिहिलं, मी तसं धाडलं.

सव्वादहाला ते पुन्हा खिडकीत. घामाघूम. वारा सुटला, धूर गेला, धुराडं दिसतं, डोंगर दिसतात. त्यांनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. अकराला आणा, म्हणालो.

त्यांनी हात जोडले. विमान निघालं असंल, ते शिळ्या खबरीवर उडून राहिलं, म्हणाले. मी म्हणालो, हुकूम तुम्हाला ठाऊक आहे, मला काही हा बदल पटला नाही. खरं तर मी बाहेर डोकावूनही पाहिलं नव्हतं. माझा हेका, दुसरं काय.

अकराची खबर गेली तेव्हा विमान अर्ध्या वाटेवरून परतलेलं होतं. हारतुरे उन्हात सुकले, आणि स्वच्छ आकाशाखाली तहसीलची माणसं वर बघत बसली.

तिसऱ्या दिवशी साहेब पूर्णा जंक्शनहून येणाऱ्या गाडीनं आले. कोळशाचे कण डोळ्यांत, कोट धुळीनं भरलेला, आणि डोकं इंजिनासारखं तापलेलं. माझ्याच ऑफिसात माझ्याच खुर्चीवर बसले. एका हातात माझी तक्रार, दुसऱ्या हातात तारांच्या वेळा. धूर कधी गेला, त्यांनी मियाँना विचारलं. सव्वादहाला, मियाँ म्हणाले. मग लगेच खबर का नाही दिली?

माझी पाचावर धारण बसली. घरी बायको, तीन लेकरं, म्हातारी आई. आता हा माणूस माझं नाव घेणार, आणि घेतलं तर त्यात त्याची काही चूक नाही.

"मीच न्हाई दिली साब," गफूरमियाँ म्हणाले. "तास भरायची वाट पाहून राहिलो व्हतो."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग या जागेवर दुसरा माणूस बघावा लागेल, म्हणाले. मियाँनी मान हलवली. नोकरी गेलीच असं धरून खिशातला पेन्सिलीचा तुकडाही त्यांनी काढून टेबलावर ठेवला.

त्या तुकड्याकडं पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. लाज म्हणजे कशी, कान गरम झाले. मी खण उघडला आणि त्यांची सव्वादहाची चिठ्ठी साहेबांसमोर ठेवली. फेकून द्यायचीही तसदी मी घेतली नव्हती. म्हणालो, साहेब, हे खोटं बोलून राहिलेत. खबर आली होती. मी घेतली नाही.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग मला अर्धा घंटा झापलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर लेखी ताकीद दिली. नोकरी राहिली, मियाँचीही राहिली. जाताना साहेबांनी नवा हुकूम लिहून दिला: दर तासाला खबर जाईलच, पण मधे हवा बदलली असं पाहणारा म्हणेल तेव्हा ती बदलली असं धरावं आणि लगेच तार करावी.

साहेबांना गाडीवर सोडून आम्ही परत आलो. माझा जीव भांड्यात पडला होता, तरी चैन पडेना. मी विचारलं, मियाँ, माझं नाव काहून नाही घेतलं?

"तुमच्या घरी लेकरं हायत. माझ्या घरी कोन हाय? एक मी, एक कंदील."

मग ते बाकावर बसले आणि कधी नव्हे ते हवेखेरीज दुसरं बोलले. त्यांची बायको अमीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कुरुंद्याला गेली होती. तिकडून सोमवारी एक गाडीवाला निघाला, त्याच्याजवळ निरोप होता. वाटेत औंढ्याला जत्रा लागली, तिथं तो रमला, आणि बुधवारी दुपारी हिंगोलीत पोचला. अमीना खुशाल आहे, फिकर करू नका, एवढाच निरोप.

"तो खोटं न्हाई बोलला. निघाला तवा ती खुशालच व्हती. सोमवारी रातच्याला गेली. ती बी, लेकरू बी. मंगळवारी मातीत ठेवलं. दुसरा मानूस हितं पोचला बुधवारी सांजच्याला. मधले चार घंटे मी खुश व्हतो, तारबाबू. मोहल्ल्यात गूळ वाटून राहिलो व्हतो."

चार वर्षं मी या माणसाला हसलो होतो, आणि त्याच्याविरुद्ध वर कागद धाडला होता.

त्या दिवशी कुठलंही विमान यायचं नव्हतं. तास भरायलाही पुष्कळ वेळ होता. मी तारेच्या यंत्रापाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मियाँ, जरा बाहेर जाऊन पाहा. आत्ता काय काय दिसतं, ते सांगा."

ते डोळे पुसत उठले. बाहेर उभे राहून त्यांनी सगळीकडे नीट पाहिलं, घाई न करता. मग आत येऊन एकेक करून सांगू लागले, आणि मी त्यातला एकही शब्द न गाळता तार केली.