बर्फाचे दोन फॉर्म

लीनाने बर्फ पाहिला होता, पण पडताना पाहिला नव्हता. हा फरक शिरीषला तिच्याकडून वर्षातून सरासरी नऊ वेळा ऐकावा लागे.

बावीस वर्षांपूर्वी लग्नानंतर दोघं डलहौसीला गेले होते. चार दिवस आकाश दाटून राहिलं आणि काहीच पडलं नाही. पाचव्या दिवशी ते परत निघाले. पुण्यात घरी पोचतात तोच हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. मॅडमची शाल खोलीत राहिलीये, पाठवतो, पण थोडे दिवस लागतील, कारण तुम्ही गेल्यापासून इथे बर्फ थांबायचं नाव घेत नाही. पुढे जॉर्जियाला गेले, तर डोंगर पांढरेशुभ्र आणि आकाश लख्ख निळं. दोन्ही सहलींच्या तारखा शिरीषने ठरवल्या होत्या. शिरीष बहारीनमध्ये, सित्रा बेटावरच्या एका रासायनिक कारखान्यात शटडाऊन प्लॅनिंगचा इंजिनीअर होता, म्हणजे पुढे काय होऊ शकतं ते आधी सांगण्याचाच त्याला पगार मिळे. हे लीना दर वेळी आठवणीने जोडत असे.

यंदा कस्तुरी, त्यांची एकुलती एक मुलगी, आयर्लंडमध्ये कॉर्कला शिकायला गेली. डिसेंबरात दहा दिवस तिच्याकडे जायचं ठरलं. लीनाने विचारलं, "तिकडे पडेल ना?" आणि शिरीष कामाला लागला.

त्याने तीस वर्षांची हवामानाची नोंद गोळा करून एक्सेलमध्ये भरली. निष्कर्ष उत्साह वाढवणारा नव्हता. आयर्लंडचा हिवाळा समुद्रामुळे सौम्य, त्यात कॉर्क दक्षिणेला. बर्फ वर्षातून मोजके दिवस भुरभुरतो, जमिनीवर टिकतो त्याहून कमी. कस्तुरीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, इट डझन्ट स्नो हिअर. इट जस्ट रेन्स. साइडवेज." पण नऊ डिसेंबरला एका लांबच्या अंदाजात महिनाअखेरीस पूर्वेकडून गार वारा येण्याची चिन्हं दिसली, आणि शिरीषने शक्यता बारा टक्क्यांवरून तीसवर नेली.

त्याच्या कारखान्यात कुठल्याही कामाआधी एक फॉर्म भरावा लागतो. काय घडू शकतं, शक्यता किती, घडलं तर काय, असं लिहून शेवटी चौकोनात रंग द्यायचा: हिरवा, पिवळा किंवा लाल. टाकीत उतरायचं असो की जिन्यातला दिवा बदलायचा असो, फॉर्म हवाच. अठरा वर्षांच्या सवयीने शिरीषने तोच फॉर्म घरी छापला. 'घटना: हिमवर्षाव. शक्यता: संभाव्य.' चौकोन पिवळा केला, खाली सही करून तारीख घातली आणि कागद फ्रिजवर लावला. लीना शाळेत गणित शिकवायची. तिने कागद दोनदा वाचला आणि तीस टक्के म्हणजे सत्तर टक्के नव्हे, एवढंच म्हणाली. पण सकाळचा चहा तिने त्या दिवशी गुणगुणत केला.

आता प्रश्न कपड्यांचा होता, आणि तो बहारीनमध्ये एकट्याने सोडवायचा नसतो. त्यांच्या ओळखीच्या दहा-बारा घरांत मिळून लोकरीच्या कपड्यांची एकच बॅग होती, निळी, एक चाक मोडलेली. जिथे आठ महिने एसी बंद करता येत नाही तिथे कपाटात कोट ठेवायला कोणाला परवडतं? जो थंडीच्या देशात जाई तो बॅग नेई, आणि पुढचा मागेपर्यंत ती त्याच्याचकडे राही. नियम दोन. सगळं धुऊन द्यायचं आणि एक नवी वस्तू त्यात घालायची. बॅग बाकूला, टोरांटोला, तिबिलिसीला आणि दोनदा काश्मीरला जाऊन आली होती. सध्या ती मुहर्रक बेटावर, इक्बालभाई आणि झोहराभाभींकडे होती.

म्हणून लीनाने बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आयर्लंडमध्ये बर्फ पडण्याची शक्यता आहे. निळी बॅग हवी आहे.' दुपारपर्यंत निरोपातला 'शक्यता' हा शब्द गळून पडला. संध्याकाळी कोणीतरी तिला पापण्यांवर बर्फ साठला तर चोळू नये, असं कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुहर्रकहून निघून शिरीषच्या घरावरून, जुफैरमार्गे सित्राला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये शिरीषचं अभिनंदन झालं. अकाउंट्समधल्या प्रवीणचा मावसभाऊ डब्लिनला होता. त्याच्या हवाल्याने प्रवीणने साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की, तिकडे चार बोटं बर्फ पडला तरी देश ठप्प होतो. सवय नाही ना. शाळा बंद, बस बंद, दुकानांतला ब्रेड गायब, आणि विमानतळाला तर टाळंच. शिरीष हसत ऐकत होता. दोन सीट मागे इक्बालभाई बसले आहेत, हे त्याच्या उतरताना लक्षात आलं.

इक्बालभाई त्याचे साहेब. म्हसळ्याहून फिटर म्हणून आलेले, सव्वीस वर्षांत मेंटेनन्स सुपरिंटेंडेंट झालेले. शिरीषची बावीस ते एकतीस डिसेंबरची रजा त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. तीन जानेवारीला बंद असलेलं युनिट पुन्हा सुरू करायचं होतं आणि त्याचा सगळा क्रम शिरीषच्या डोक्यात होता.

दहा वाजता बोलावणं आलं. "शिरीष, तू बरफात अडकून बसलास तर माझं युनिट कोण चालू करणार? प्रवीणचा मावसभाव?"

"इक्बालभाई, तिथे बर्फ पडतच नाही. माझ्याकडे तीस वर्षांची नोंद आहे."

"मग वहिनींनी झोहराला काय लिवलंय?"

"ती आशा आहे."

"आशेवर मी सही करत नाय. फॉर्म भरून आण. बरफाचा चौकोन हिरवा असंल तर रजा. पिवळा असंल तर मफी रजा." मफी म्हणजे अरबीत 'नाही'.

शिरीष प्रामाणिक माणूस होता. त्याने अकरा तारखेला तोच फॉर्म पुन्हा उघडला आणि स्वतःला विचारलं की, तीस टक्के हा आकडा शास्त्रीय होता की वैवाहिक? गार वाऱ्याचा अंदाजही एव्हाना सौम्य झाला होता. त्याने शक्यतेपुढे 'दुर्मीळ' लिहिलं, समुद्राच्या उबेवर अर्धा परिच्छेद खर्चला, चौकोन हिरवा केला, सही ठोकली आणि कागद इक्बालभाईंच्या टेबलावर ठेवला. फ्रिजवरचा पिवळा काढायला मात्र त्याचा हात धजला नाही. कारखाना एकीकडे, स्वयंपाकघर दुसरीकडे, मधे समुद्र. दोन कागदांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. या गणितात निळी बॅग कुठे आहे, एवढंच तो विसरला.

शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर, झोहराभाभींनी दोघांना जेवायला बोलावलं होतं. बॅग दारातच तयार होती. जेवणात कोळंबीचं कालवण आणि सांदणं होती. लीनाने गुडघ्यापर्यंतच्या बुटांबद्दल विचारलं. झोहराभाभी म्हणाल्या की, तिबिलिसीहून आल्यावर त्यांनीच नवे घातलेत. एवढं बोलून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, कारण नवरा ताटात बघून हसत होता.

"वहिनी, बूट कशाला वज्याला?" इक्बालभाई म्हणाले. "शिरीषनं लिवून दिलंय ना, बरफ पडणार नाय म्हणून."

लीनाचा हात थांबला. "कधी?"

"काल." ते उठले, खुर्चीवरच्या ऑफिसच्या बॅगेतून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. हिरवा चौकोन, दुर्मीळ, सही.

लीनाने शांतपणे मोबाइल उघडला. शाळेतल्या मैत्रिणींना पाठवलेला फ्रिजचा फोटो काढला आणि हिरव्या कागदाशेजारी ठेवला. पिवळा चौकोन, संभाव्य, सही. दोन दिवसांचं अंतर. झोहराभाभींनी दोन्ही वाचले आणि शिरीषच्या ताटात आणखी एक सांदण वाढलं, जसं आजारी माणसाला वाढतात.

"काय रे," इक्बालभाई म्हणाले, "सव्वीस वर्सांत एका कामाचे दोन फॉर्म मी पयल्यांदा बघतोय. आता कुठला खरा?"

शिरीष पाणी प्यायला. हिरवा म्हणावा तर बायको, पिवळा म्हणावा तर रजा. दोन्ही आपापल्या परीने खरे आहेत, असं काहीतरी तो म्हणाला आणि पूर्वेकडच्या वाऱ्याचा उल्लेख केला. इक्बालभाईंनी हिरवा कागद घडी घालून खिशात ठेवला. रजा गेली, हे तिथे बसलेल्या चौघांनाही समजलं. कस्तुरीने विमानतळावर न्यायला यायची वेळही लिहून ठेवली होती.

"इक्बालभाई," लीना म्हणाली, "दोन्ही कागद सोडा. मी सांगते. बर्फ पडणार नाही."

"तुमी कशावरनं सांगता?"

"अनुभवावरून." मग तिने डलहौसी सांगितली, मॅनेजरचा फोन सांगितला, शाल सांगितली. जॉर्जियाचं निळं आकाश सांगितलं. "हा माणूस ज्या गावी बर्फ बघायला जातो, तिथे तो असेपर्यंत बर्फ पडत नाही. बावीस वर्षांत एकदाही अपवाद नाही. तीन तारखेला हे तुमच्या युनिटवर असणार. माझा शब्द."

ती हसत बोलत होती. पण मोबाइलवरचा पिवळा चौकोन तिने बोट फिरवून बंद केला, ते शिरीषला दिसलं.

इक्बालभाईंनी कागद पुन्हा बाहेर काढला. "बघ शिरीष, याला बोलतात रेकॉर्ड," ते म्हणाले, आणि ताटाशेजारीच, डाव्या हाताने कागद धरून, सही केली. "झोहरा, बूट ठेव त्यात. नियम तो नियम."

कॉर्कमध्ये दहा दिवस तापमान बहुतेक वेळ नऊ ते अकराच्या दरम्यान राहिलं. पाऊस कस्तुरीने सांगितला होता तसाच आडवा पडत होता. बॅगेतला तपकिरी कोट घालून लीना बसमध्ये घामाघूम झाली. गुडघ्यापर्यंतच्या बुटांकडे एका शाळकरी मुलीने थांबून पाहिलं. शिरीष रोज नोंद करत होता. "इट्स ग्रँड, बाबा," कस्तुरी म्हणायची, आणि छत्री त्याच्या हातात द्यायची. एकतीसला विमान वेळेवर सुटलं. तीन जानेवारीला युनिट ठरल्या मिनिटाला सुरू झालं. इक्बालभाईंनी कंट्रोल रूममध्ये सर्वांसमोर सांगितलं की, हवामान खातं सित्रात नाही, जुफैरला आठव्या मजल्यावर आहे.

नऊ जानेवारीला, शुक्रवारी, इक्बालभाई आणि झोहराभाभी जुफैरला आले. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता आणि झोहराभाभींनी स्वेटर घातला होता. निळी बॅग धुतलेल्या कपड्यांसह हॉलमध्ये उभी होती. नवी वस्तू म्हणून लीनाने तिच्यात मजबूत काड्यांची छत्री घातली होती.

स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवल्यावर लीनाने दार लोटलं आणि मोबाइल पुढे केला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. रस्त्यावरचा दिवा, तपकिरी कोटाची बाही, आणि बाहीवर येऊन बसणारे पांढरे कण.

"अगो, ह्यो तर बरफ," झोहराभाभी म्हणाल्या.

"हळू. अठ्ठावीस तारखेला, सकाळी. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले होते. तिकडे साडेसातलाही अंधारच असतो. दहाएक मिनिटं पडला. खाली टेकला की पाणी."

"शिरीषभाऊंना उठवलं नाय?"

"उठवणार होते. दारापर्यंत गेलेसुद्धा." लीनाने आलं किसलं. "मग म्हटलं, तुमच्या घरी मी शब्द दिलाय. आणि भाभी, बावीस वर्षं पुरलेलं बोलणं दहा मिनिटांत कशाला संपवायचं? अजून बावीस वर्षं जाईल ते. तुम्ही कोणाला सांगू नका."

झोहराभाभींनी गळ्याशपथ सांगितलं की, नवऱ्यालाही कळणार नाही.

हॉलमध्ये शिरीष इक्बालभाईंना लॅपटॉपवर दहा दिवसांची नोंद दाखवत होता. वारा, पाऊस, आर्द्रता. इक्बालभाई सुपरिंटेंडेंटच्या सवयीने शेवटचा रकाना वाचत खाली येत होते. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'अठ्ठावीस डिसेंबर. सात अडतीस ते सात एकोणपन्नास. हलका बर्फ. जमिनीवर टिकला नाही. निरीक्षण वरच्या खिडकीतून. शेरा: लीना बाहेर.'

"अरे, पडला की."

"हळू बोला," शिरीष म्हणाला. "तिला वाटतंय मी झोपलो होतो."

"मग खाली नाय गेलास?"

"जिन्यापर्यंत गेलो होतो." त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. "ती दोन्ही हात पुढे करून उभी होती, इक्बालभाई. मी गेलो असतो तर टक्केवारी सांगत बसलो असतो. आणि तिनं तुम्हाला छातीठोक सांगितलं होतं पडणार नाही म्हणून. तिचा शब्द खोटा कशाला पाडू? तुमच्यापाशीच ठेवा."

लीना चहा घेऊन आली. काय कुजबुज चाललीये, असं तिने विचारलं. इक्बालभाई म्हणाले, "काय नाय वहिनी. शिरीष बोलत होता, मफी बरफ."

"नशिबातच नाही यांच्या," लीना म्हणाली आणि सगळ्यात भरलेला कप शिरीषपुढे ठेवला. शिरीषने मान डोलावली. त्याने कप दोन्ही हातांनी घेतला.

पाहुणे सहा वाजता निघाले. मुहर्रकच्या पुलावर गाडी आली तेव्हा झोहराभाभी खिडकीकडे तोंड करून हसायला लागल्या आणि त्याच क्षणी इक्बालभाईही स्टिअरिंगवर हसायला लागले. काय झालं, असं दोघांनी एकमेकांना विचारलं. काही नाही, असं दोघांनीही सांगितलं.