मुक्ताबाईचा दुपारचा डोस

डॉक्टरांनी सुई टोचली नाही, बाटली दिली नाही, गोळीही लिहून दिली नाही, तेव्हाच मुक्ताबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. राहात्यातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, पोट दाबलं, छातीला नळी लावली आणि विचारलं, "बाई, शेवटच्या कधी हसलात?"

"कशापायी?"

"सहज. हसला असाल ना कधीतरी?"

मुक्ताबाईने सोबत आलेल्या सुनेकडे पाहिलं. चांगुणा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा मोजू लागली. तिच्या लग्नाला अवघं वर्ष झालं होतं आणि वर्षभरात असा काही प्रसंग घडल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तुम्हाला रोग काही नाही," डॉक्टर म्हणाले. "छातीवर धोंडा, झोप नाही, अन्न पचत नाही, हे सगळं आतल्या आत आवळून बसल्यामुळं. रोज जेवण उरकलं की थोडं थांबून अर्धा तास हसायचं. हसू येत नसेल तर खेळायचं. लहानपणी जे खेळत होता, ते. महिनाभर करा आणि मग या."

मुक्ताबाई दवाखान्यातून बाहेर पडली ती फणफणत. बावन्न वर्षांची बाई, जिच्या नुसत्या खाकरण्याने आळीतल्या सुना पदर सावरायच्या, तिने खेळायचं! दुसरा कुणी असं बोलला असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण याच डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, काकासाहेबाला, टायफॉइडमधून उठवलं होतं. त्यांचं औषध नाकारायची तिची हिंमत नव्हती.

"चांगुणे," ती वाटेत म्हणाली, "ह्यातलं एक अक्षर कुठं बोललीस तर तुझं म्हायेर बंद. घे शपथ."

"कुणाची घिऊ?"

"माझी घे." मग थोडा विचार करून म्हणाली, "न्हाई, नगं. तुझ्या आयची घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेब पेरूच्या बागेत पोपट हाकायला गेला, मुलगा मच्छिंद्र साखर कारखान्यावर गेला आणि मुक्ताबाईने दाराला कडी घातली. सासू-सून समोरासमोर मांडी घालून बसल्या.

"हास," मुक्ताबाई म्हणाली.

"आत्याबाई, तुमी आदी."

"मला येत असतं तर तुला कशाला बशिवली असती?"

दोन दिवस दोघी अशाच एकमेकींकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी चांगुणा भीत भीत म्हणाली, "झिम्मा खेळायचा का?" एकोणीस वर्षांची पोर ती, सासरी आल्यापासून तिच्या हातांनी भाकऱ्यांपलीकडे काही थापलं नव्हतं. दरोडेखोराने दटावल्यासारखे मुक्ताबाईने दोन्ही हात वर केले. पहिली टाळी चुकली, दुसरी कपाळाला लागली आणि तिसऱ्या टाळीला मात्र हातांना सगळं आठवलं. झिम्म्यानंतर फुगडी. चौथ्या गिरकीला पाय सरकला, दोघी पिठाच्या डब्यावर आदळल्या, वरून घागर गडगडत आली, आणि मुक्ताबाईच्या घशातून असा काही आवाज निघाला की ती स्वतःच दचकली. ते हसू होतं. त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली आणि काकासाहेबाने दोनदा उठून तिच्या नाकाशी हात धरून पाहिला.

मग डोस सुरू झाला. दोघींच्या घराला लागून आक्काबाईचं घर होतं आणि मधली भिंत पातळ होती. भिंतीपलीकडे आक्काबाईला रोज दुपारी एवढंच ऐकू येई : आधी फाड, फाड, फाड. मग धाडकन कुणी तरी पडल्याचा आवाज. मग भांडी. मग चांगुणाची विनवणी, "आत्याबाई, बास! पाया पडते तुमच्या!" आणि वर मुक्ताबाईचा आवाज, "आता सोडते व्हय तुला!" शेवटी कुणीतरी हुंदके दिल्यासारखं. हसून हसून उचकी लागलेलं माणूस भिंतीतून रडल्यासारखंच ऐकू येतं. थोड्या वेळाने दार उघडे आणि चांगुणा पाण्याला बाहेर पडे. केस सुटलेले, डोळे लाल, हातातल्या निम्म्या बांगड्या गायब.

बांगड्या विकणारी सकीना तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा चांगुणाचे हात भरून गेली आणि जाताना आक्काबाईपाशी थबकली. "पोरीचे तळहात नुसते लाल झालेत, आक्काबाई. मी विचारलं तर खाली मान घालून गप बसली."

आळी हादरली. सासू सुनेला मारते याचं कुणाला फारसं वाटलं नाही, तो ज्याच्या त्याच्या घरातला मामला होता. धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. "मारती तर मारती," आक्काबाई गालावर हात ठेवून म्हणाली, "पन रोज जेवल्याव, येळ धरून?" आणि दिवसेंदिवस मुक्ताबाईच्या गालांवर रंग चढत होता, तिला भूक लागत होती, ती ताठ चालत होती. पोरीला मारून मारून बाई टवटवीत झाली होती. असलं आळीने कधी पाहिलं नव्हतं.

आक्काबाईचा नवरा बैल बघायला काष्टीच्या बाजाराला गेला, आणि चांगुणाचं माहेर काष्टीचंच. त्याने तिच्या बापाला, सूर्यभानाला, चहाच्या टपरीवर गाठून सगळं सांगितलं. सूर्यभानाच्या हातातली बशी तशीच राहिली. दुसऱ्याच दिवशी तो दोन भावांना घेऊन, नगरला एस्टी बदलून, भर दुपारी राहात्यात हजर झाला. हातात काठी, मिशा थरथरत. आक्काबाईने त्यांना दाराशी नेऊन उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

आत फाड, फाड, फाड चाललं होतं. मग धाडकन आवाज झाला.

"मेले, मेले, आत्याबाई!"

सूर्यभानाने दारावर काठी हाणली. "उघडा दार!"

कडी निघाली. मुक्ताबाई उभी होती, पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटून पाठीवर, छाती धपापलेली. मागे चांगुणा जमिनीवर बसली होती. भोवती बांगड्यांचे तुकडे, मनगटावर रक्ताचा थेंब आणि डोळ्यांत पाणी. एवढ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून काकासाहेब हातात गोफण तशीच घेऊन बागेतून धावत आला.

"इवाई, काय झालं?"

"मला इचारता?" सूर्यभान ओरडला. "इहीणबाईला इचारा. इहीणबाई, माज्या पोरीला रोज मारता का न्हाई?"

अख्खी आळी दारात गोळा झाली होती. मुक्ताबाईने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगावं, तर उद्यापासून तिच्या खाकरण्याला कोण विचारणार होतं? तिने मान ताठ केली.

"व्हय," ती म्हणाली. "मारते."

काकासाहेबाच्या हातातली गोफण गळून पडली. चांगुणाने तोंड उघडलं आणि आईची शपथ आठवून पुन्हा मिटलं.

"गाठुडं बांध," सूर्यभान लेकीला म्हणाला. "आन् पुन्यांदा ह्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

चांगुणाने दोन लुगडी गुंडाळली, पेटीतली फणी घेतली. मुक्ताबाई पाहत राहिली. पोर उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी उतरलेला छातीवरचा धोंडा परत जागेवर येऊन बसला. उद्या दुपारी कडी घालायची तरी कुणासाठी? ही पोर गेली तर घरात तिचं कुणीच उरत नव्हतं, हे तिला त्या घटकेला कळलं आणि ती गलबलून गेली.

"थांब गं!" ती ओरडली. "इवाई, मी मारलं न्हाई. आमी... आमी फुगडी खेळत हुतो."

सूर्यभानाने भावांकडे पाहिलं. "बाई, थाप मारायची तर जरा पटंल अशी तरी मारा. ह्या वयात?"

"डाक्टरनी सांगितलंय, बाबा!" शपथ आता सासूनेच मोडली म्हणून चांगुणाला कंठ फुटला. "खरंच सांगितलंय!"

"डाक्टर फुगडी सांगत्यात व्हय?"

मुक्ताबाई पुढे झाली. तिने सुनेच्या हातातलं गाठोडं काढून काकासाहेबाच्या हातात दिलं, तिला ओढत अंगणात नेलं, हातात हात अडकवले, पाय जुळवले आणि मागे रेलली. पहिल्या दोन गिरक्या तिने डोळे मिटून लाजेने घेतल्या. तिसरीला चांगुणाला हसू फुटलं, मग तिला, आणि मग बावन्न वर्षांची मुक्ताबाई साऱ्या आळीसमोर गरगर फिरत पोट धरवेना इतकी हसली. काकासाहेब गाठोडं छातीशी धरून तोंड वासून उभा होता. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचे मागचे दात त्याने आज पहिल्यांदा पाहिले.

आक्काबाई मटकन ओट्यावर बसली. "अगं बाई," ती म्हणाली, "मारत असतीस तरी बरं हुतं!"

लोक मान हलवत पांगले. सूर्यभान मात्र जागचा हलला नाही. त्याने काठी भिंतीला टेकवली, मिशीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "इहीणबाई, जरा हिकडं या. किती दिसांत गुण येतो?"

"कशाचा?"

"ह्येचाच. चांगुणाची आय, बनुबाई. पोर हिकडं नांदाय आल्यापास्नं डोकं बांधून पडती. नगरला दावली, दौंडला दावली, गोळ्या खाऊन कंटाळली. घरात आमी दोघंच. आता मी तिच्यासंगं झिम्मा खेळू का?"

मुक्ताबाईने त्याच्या मिशांकडे नीट पाहिलं. "नगं," ती म्हणाली. "मी येते."

अशा रीतीने लेकीला न्यायला आलेला सूर्यभान दुसऱ्या सकाळच्या एस्टीने विहिणीला घेऊन काष्टीला गेला.

बनुबाईने कपाळाला फडकं बांधूनच विहिणीचं स्वागत केलं आणि औषध ऐकल्यावर ते आणखी घट्ट आवळलं. "इहीणबाई, तुमाला काय झालंय का?" ती पाच दिवस एवढंच विचारत राहिली. सहाव्या दिवशी, ऐन बाजाराच्या दुपारी, मुक्ताबाईने कडी घातली आणि तिचे दोन्ही हात धरून तिला उठवलं. फडकं पहिल्या गिरकीला उडालं. पाचव्या गिरकीला दोन्ही विहिणी ज्वारीच्या कणगीवर जाऊन आपटल्या, आणि बनुबाईच्या तोंडून जे "मेले गं बाई!" निघालं ते बाजारापर्यंत गेलं.

बाहेर माणसं धावत आल्याचं ऐकू आलं. मुक्ताबाईने झटकन बनुबाईच्या तोंडावर हात दाबला. दोघी हसू दाबत, घामाघूम होऊन जमिनीवर तशाच पडून राहिल्या.

"सूर्यभाना, आत काय चाललंय रं?" कुणीतरी विचारलं.

दाराबाहेर सूर्यभान काठी आडवी धरून बसला होता. त्याचा खणखणीत आवाज आला, "काय न्हाई. इहिणीइहिणींची जुंपलीय. राहात्याच्या बाईनं आमच्या हिला धरून हानलीय."

"आस्सं व्हय!" बाहेरचा माणूस सुटकेचा श्वास सोडून म्हणाला. "आमाला वाटलं, काय इपरीत झालं." आणि सगळे पुन्हा बाजाराला निघून गेले.