वापरण्याआधी काढावे

भिवंडीजवळच्या कोन गावच्या केसरीनाथ शेठच्या घरात नवीन वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, असा नियम होता. नियम केसरीनाथचाच, आणि तो बारा वर्षांच्या सोफ्यापासून गेल्या महिन्यातल्या मिक्सरपर्यंत सगळ्यांना सारखा लागू. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहायचा. फ्रिजच्या दारावरची फिल्म पिवळी पडून कोपऱ्यांत कुरळी झाली होती, पण तिला कुणी नख लावलेलं त्याला खपत नसे. सोफ्यावर तो बसला की प्लास्टिक चर्रर्र वाजायचं. त्या आवाजावर आत त्याची बायको विनिता चहाचं आधण ठेवायची. इतर कुणी बसलं तर ठेवायची नाही, कारण केसरीनाथच्या वजनाचा आवाज तिला बरोबर ओळखू यायचा.

अशा घरात धाकट्या मुलाने, भावेशने, गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. तयार आणला नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडणार होता. रविवारी चार वाजता त्याची ऑनलाइन स्पर्धा होती आणि या स्पर्धेवर घरात एक करार झालेला होता. भावेश पहिल्या तिघांत आला तर त्याने पुण्याला ॲनिमेशन शिकायला जायचं. नाही आला तर सोमवारपासून बापाच्या दापोड्याच्या गोडाऊनवर बसायचं आणि ट्रकवाल्यांशी बोलायला शिकायचं. खुर्ची केसरीनाथने आधीच आणून ठेवली होती. अर्थात प्लास्टिकसकट.

बुधवारी दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडून भावेश कामाला लागला. निम्मं काम झालं आणि विनिताने जेवायला हाक मारली. बोंबलाचं कालवण होतं, त्यामुळे तो लगेच उठला. इकडे केसरीनाथ सहज बघायला आला. वर्तमानपत्रावर पंख्याचा एक जाड ठोकळा पडला होता. त्याचं तांब्याचं बूड आरशासारखं चकाकत होतं आणि शेजारी त्या बुडावरचं सोललेलं प्लास्टिक. 

"आताच्या पोरांना वस्तूची किंमत न्हाय," तो पुटपुटला. मग त्याने ते प्लास्टिक उचललं, फुंकर मारली आणि बुडावर पुन्हा नीट चिकटवलं. अंगठ्याने दाबून एक बुडबुडा राहू दिला नाही. हात धुऊन तो जेवायला बसला आणि नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवला. जेवून आल्यावर भावेशने ठोकळा उचलला तो थेट जागेवर बसवून स्क्रू आवळले. खालून बघायचं त्याला काही कारणच नव्हतं.

संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. पाच मिनिटं सगळं झकास चाललं आणि मग गेममधला माणूस चिखलात फसल्यासारखा चालायला लागला.

"काय जालं रं?" केसरीनाथने विचारलं.

"अडकतोय, बाबा. सेकंदाला एकशे चाळीस चित्रं यायला पाहिजेत. बावीस येतायत."

"म्हंजे ॲव्हरेज कमी देतंय."

"हा, तसंच समजा."

"एकशे चाळीसच्या जागी बावीस? गाडी असती तर शोरूमच्या दारात सोडून आलो असतो."

खोटं कशाला बोला, केसरीनाथला आतून थोडं बरं वाटलं, गोडाऊनची खुर्ची आता भरणार होती. पण पोराचं तोंड उतरलेलं बघितलं आणि तो लगेच तावात आला. आपल्या पोराला कुणी बिघडलेला माल द्यावा म्हणजे काय. गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवला आणि बापलेक भिवंडीत, जिथून सुटे भाग घेतले होते त्या कुणालच्या दुकानात गेले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला केसरीनाथ गोधडीवर हात ठेवत होता.

कुणालने वायरी जोडल्या, तीन मिनिटं गेम चालवला. एकशे बेचाळीस. "मशीन एकदम मक्खन आहे, काका. तुमच्या घरची लाइट चेक करा."

घरी आणला, पाच मिनिटं चालवला. बावीस.

मग लाइटीच्या मागे लागणं आलंच. गोडाऊनवरचा भलामोठा स्टॅबिलायझर घरी आला. तो लावल्यावर कॉम्प्युटर बावीसवरच राहिला आणि घरचा गीझर मात्र बंद पडला. शुक्रवारी इंटरनेटवाल्याने नवी वायर ओढली, तेव्हा शेजारच्यांचं केबल तुटलं आणि ते ऐन मालिकेच्या वेळी दारात येऊन उभे राहिले. शनिवारी भावेशला कुठूनतरी आतलं तापमान बघायची युक्ती सापडली आणि तो घाबराघुबरा बाहेर आला.

"बाबा, सत्त्याण्णव डिग्री."

"ताप हाय त्याला," केसरीनाथ म्हणाला. "आता मना कललं. थंड करूया. थांब."

थंड करणं हे केसरीनाथचं खातं होतं. घरात तीन पोरींच्या हळदी त्याने मे महिन्यात निभावल्या होत्या. रविवारी तीन वाजता मांडववाला मोरू टेम्पोतून जम्बो कूलर घेऊन आला. हळदीच्या मांडवात पाचशे माणसाला वारा घालणारं ते धूड चार माणसांनी हॉलमध्ये चढवलं. त्याच टेम्पोतून केसरीनाथने कुणालला दुकानातून उचलून आणवलं होतं.

"शेठ, पाचला मना परत पायजे," मोरू म्हणाला. "दिघाशीला हळद हाय."

"नेशील रं. चालू कर."

मोरूने बटण दाबलं. गच्चीवर ऊन फार म्हणून विनिताने तांदळाचे पापड हॉलच्या कोपऱ्यात साडीवर पसरले होते. ते सगळे एकदम उठले. काही पंख्याला अडकले, काही खिडकीतून रस्त्यावर गेले आणि एक कुणालच्या चष्म्यावर बसला. पडदे आडवे झाले. विनिता लाटणं हातात घेऊन दारात आली आणि उरलेले पापड मोजायला लागली. तिचं हे मोजणं केसरीनाथ चांगला ओळखून होता.

"किती रं ॲव्हरेज?" वाऱ्यात त्याने ओरडून विचारलं.

"बावीस."

कुणालने शहारत चष्मा पुसला. "काका, घरात थंडी वाजतेय आणि आत सत्त्याण्णव आहे. म्हणजे गरमी बाहेरच येत नाहीये. मध्ये काहीतरी आहे. खोलावं लागेल."

"खोल. आन ज्याची चूक निघंल ना, त्याला मी सोडनार न्हाय. तुजी असली तरी."

"माझी नसणार, काका," कुणाल म्हणाला. पण आवाज जरा बारीकच होता.

पावणेचार वाजले होते. कूलर बंद झाला. कुणालने स्क्रू काढले, पंख्याचा ठोकळा अलगद उचलून उलटा केला. तांब्याच्या बुडावर प्लास्टिक होतं. गरमीने आखडलेलं, पण एकही बुडबुडा नसलेलं. त्याच्यावर इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, वापरण्याआधी काढावे.

"हे काढायचं असतं, भावेश," कुणाल हळूच म्हणाला.

भावेशचा चेहरा पांढरा पडला. "मी काढलं होतं. मला आठवतंय... नाय, नसेल काढलं. मीच येडा." तो खाली बसला. "चार दिवस सगळ्यांना नाचवलं मी. बाबा, तुमचंच बरोबर. एवढंसं जमत नाय मला. उद्यापासून येतो गोडाऊनवर."

केसरीनाथने ते प्लास्टिक हातात घेतलं. आपल्या अंगठ्याची मेहनत त्याला ओळखू आली. गोडाऊनची खुर्ची डोळ्यापुढे आली. तीन वर्षं तो याच वाक्याची वाट बघत होता आणि आज पोरगा ते आपल्या तोंडाने बोलला होता. काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला केसरीनाथ सोफ्यावर टेकला. सोफा चर्रर्र वाजला.

त्या आवाजाने त्याला पुढे गप्प बसवेना.

"तू काढलंवतंस," तो म्हणाला. "मी परत लावलं. तू जेवाला गेलतास तवा."

 पंख्याला अडकलेला एक पापड खाली पडला.

"पन का?" विनिताने विचारलं.

"नवीन होतं ते," केसरीनाथ म्हणाला. याहून चांगलं कारण त्याच्याकडे नव्हतं. "पोऱ्याची चूक न्हाय. त्याने बरोबर जोडलंवतं सगळं."

आधी मोरू हसला, मग कुणाल, आणि शेवटी भावेश इतका हसला की त्याच्या डोळ्यात पाणी आलं. केसरीनाथला भयंकर लाज वाटली आणि बरंही वाटलं. कुणालने बूड पुसलं, गरमी ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, ठोकळा बसवला. कॉम्प्युटर एकशे चाळीसवर गेला आणि तिथेच राहिला. पण तोवर सव्वाचार झाले होते आणि स्पर्धेची पहिली फेरी हुकली होती. उरलेल्या फेऱ्या भावेश जीव तोडून खेळला. शेवटी चौथा आला.

"चौथा," तो म्हणाला. "करार तिसऱ्यापर्यंतचा होता."

"फेरी कुनामुळं हुकली? एक नंबर माझ्या नावावर टाक," केसरीनाथ म्हणाला. "तिसरा आलास तू. पुन्याला कवा जायचं ते बग."

भावेशने हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, "पण चूक ज्याची त्याला सोडणार नव्हतात ना तुम्ही?"

"सांग शिक्षा."

भावेशने सोफ्याकडे बोट दाखवलं.

केसरीनाथने स्वतःच्या हाताने बारा वर्षांचं प्लास्टिक काढलं. खालचं कापड खरोखर कोरं निघालं, याचा त्याला शेवटचा थोडा अभिमान वाटून घेता आला.

पंधरा दिवसांनी भावेश पुण्याला गेला. त्याला गाडीत बसवून केसरीनाथ घरी आला आणि सोफ्यावर टेकला. सोफा मऊ होता, गार होता, आवाज काही नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. शेवटी त्याने आत डोकावलं.

"चहा न्हाय आज?"

विनिता दचकली. "बाई, कवा आलात तुमी?"

दुसऱ्या दिवशी केसरीनाथने गोडाऊनच्या खुर्चीवरचं प्लास्टिक कापून आणलं आणि सोफ्यावर आपल्यापुरतं एका बाजूला अंथरलं.