नामदेवभाऊंचा राजवाडा

आमच्या शेजारच्या नामदेवभाऊंना कुणाचाही फोटो दाखवा, ते त्यातल्या माणसाकडे बघतच नाहीत. माझ्या लग्नाचा अल्बम मी मोठ्या हौसेनं त्यांच्यापुढे ठेवला होता. शालू, दागिने, मेंदी, सगळं सोडून हा माणूस म्हणतो काय, "पोरी, तू ठीक आहेस. पण मांगं हा पाण्याचा टँकर काऊन उभा आहे?" झालं! तेव्हापासून मलाही त्या अल्बममध्ये टँकरच दिसतो.

भाऊंचा तरी काय दोष म्हणा! त्यांची सगळी हयात झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे बांधण्यात गेली. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. नट कितीही घसा फोडो, त्याच्या मागचा महाल लटपटला की लोक हसतात. तो लटपटू द्यायचा नाही, हे भाऊंचं काम. कंपनी बंद पडली तेव्हा तीन जुने पडदे आणि एक शिट्टी घेऊन ते सिंदेवाहीला परत आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. नाटकात पडदा उघडण्याआधी वाजवायचे ती शिट्टी आता आमच्या दारात वाजते. "इशाऱ्याबिगर एन्ट्री नाई," असा त्यांचा कायदा. दुपारी जरा डोळा लागावा, आणि फुर्रर्र! काय तर म्हणे थोडं विरजण पाहिजे.

तर माझ्या ओवीचा पहिला वाढदिवस आला. मोबाइलवर मी एक फोटो काढायचा कोपरा पाहून ठेवला होता. फुग्यांची कमान, चमचमती झालर, समोर उभं राहायचं आणि फोटो काढायचा. घरच्या घरी होण्यासारखं होतं. भाऊंना नुसते चार बांबू मागायला गेले, तिथेच चुकलं.

"फुगे? फुग्याले कोनी सीन म्हणते का?"

दुसऱ्या दिवशी अंगणात पडदे उलगडायला सुरुवात. पहिला निघाला तुरुंग. मी म्हटलं, "भाऊ, पोरीचा वाढदिवस आहे, जामीन नाही." दुसरा निघाला जंगल, त्यात हा एवढा मोठा वाघ. आता सिंदेवाहीत वाघ बघायला पडदा कशाला लागतो? शेताकडे जाताना लोक जीव मुठीत धरून जातात, आणि मी पाहुण्यांना वाघापुढे उभं करू? शेवटी राजवाडा ठरला. त्याचा एक खांब उंदरांनी कुरतडला होता, तिथे भाऊंनी तुळशीची कुंडी ठेवली. तेलाच्या डब्यांत वाळू भरून बांबू उभे केले. समोर स्टँडवर माझा मोबाइल, आणि फोटो काढायचं छोटं बटण हातात धरायला. छानच दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

पण खरं सांगायचं तर माझा जीव फोटोत नव्हता, आईत होता. ती माझ्याकडेच असते. पावसाळ्यात तिच्या तोंडावरून वारं गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी जीवाचा धोका नाही, हळूहळू सुधारेल असं सांगितलं. पण अर्धं तोंड वाकडं झालं ते झालंच. तेव्हापासून पदर तोंडावर. घरात कुणी आलं की ही आतल्या खोलीत. ओवी तिच्याच मांडीवर वाढली, आणि वाढदिवसाचं नाव काढलं तर म्हणाली, "मले फोटोत नको घेजो. पोरगी मोठी होईन अन् पाहून भेईन." मी रागावले, रडले, शपथा घातल्या. ढिम्म हलली नाही. आजीशिवाय पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढायचा तरी कसा?

हे मी भाऊंना सांगितलं. वाढदिवसाच्या सकाळी बघते तर राजवाड्याच्या तिन्ही बाजूंनी त्यांनी माझ्या चांगल्या चादरी बांधलेल्या! समोरून दोरीवर सरकणारा तुरुंगाचा पडदा, तोही उलटा, आणि मोबाइल स्टँडसकट आतच कोंडलेला.

"भाऊ, हे काय? आत फोटो कसा निघणार? अन् कुणाला दिसणार?"

"तू उगी राय. दोरी आतून आहे."

मी कपाळावर हात मारला. संध्याकाळी पाहुणे आले. मामीनं ते खोकं पाहून मला हळूच विचारलं, "बाहेर न्हाणी केली का वो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केक कापायच्या आधी भाऊ आतल्या खोलीच्या दाराशी गेले. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. दाराकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आमच्या मोठमोठ्या हिरोइनी पडद्यामांगं लटलट कापत. मी कोनालेच ढकललं नाई. तुमी नातीले घेऊन आत जा. बटण तुमच्या हातात, दोरी तुमच्या हातात. नाई उघडला पडदा तर नाई उघडला. कोनी काही नाई म्हणणार."

आई बराच वेळ उठली नाही. मग ओवीला कडेवर घेऊन, पदर तोंडावर धरून, मागच्या दारानं त्या चादरींत शिरली. मामी डोकवायला निघाली, तशी भाऊंनी वाट अडवली. "इशाऱ्याबिगर एन्ट्री नाई." धाकटी मामी हसली, तर भाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गपगार.

आत चिडीचूप. मग ओवीचं खिदळणं ऐकू आलं. बटण तिच्या हाती लागलं असावं, कारण मोबाइल कटाकट वाजत सुटला. आणि मग आई हसली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं, तिचं ते जुनं खळखळून हसणं. दोरी हलली, पडदा सरकला. राजवाड्यापुढे आई उभी होती, पदर खांद्यावर, तोंड वाकडं, आणि ओवी तिचा गाल ओढत होती. मी तिथेच भोकाड पसरलं. सुटले गं बाई, सुटले! मामी म्हणाली, "अगं, किती छान दिसून राह्यली!" आणि आमच्या घराचा तीन महिन्यांचा अडकलेला श्वास मोकळा झाला.

पाहुणे गेल्यावर भाऊ अंगणात बांबू सोडत होते. मी दोरी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "भाऊ, हे सुचलं कसं तुम्हाला?"

त्यांनी गाठ सोडली, मग दुसरी सोडली.

"आमच्या घरच्या बाईले असंच झालं होतं," ते म्हणाले. "शेवटी शेवटी. लोक भेटाले येत, अन् ती भिंतीकडे तोंड करून पडून राहे. एक लुगडं बांधून द्याचं होतं वो तिच्या खाटीसमोर. बस, तेवढंच. गावोगाव पडदे बांधले मी, पोरी. तिच्यासाठी बांधाचं सुचलंच नाई."

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. भाऊंना कप दिला, दुसरा कप घेऊन त्यांच्या समोरच पायरीवर बसली. पहिल्या घोटाला तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून चहाचा ओघळ हनुवटीवर आला.

तिनं तो हातानं पुसला, भाऊंकडे पाहत, आणि म्हणाली, "भाऊ, कशी होती वो तुमची बाई? सांगा ना."