दाराचं टेबल

मापकाकांनी छोट्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, तेव्हा "अहो, हे काय चाललंय?" असं विचारायला घरात कोणी नव्हतं. एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण तो विचारायचं काम ज्यांचं होतं, त्या काकू जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाची नेमणूक झालेली नव्हती.

मापकाका हे त्यांचं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात जन्म गेला, म्हणून सगळी इमारत त्यांना मापकाका म्हणायची. म्हणजे एके काळी म्हणायची. हल्ली हाक मारायची वेळच कोणावर येत नसे. निवृत्तीनंतर काकूंशी भांडण्यात दिवस छान जात. त्या गेल्यावर हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांत फोन आला. फोनमध्ये टाकाऊतून टिकाऊ करून दाखवणारी मंडळी होती. ती रोज न चुकता "कसे आहात?" असं विचारून सुरुवात करत. एवढं विचारणारं दुसरं कोणी नसल्यामुळे काका त्यांच्या भजनी लागले.

तेव्हापासून घरातली एकही वस्तू आपल्या मूळ कामावर राहिली नव्हती. कुकरच्या झाकणाचं घड्याळ झालं. गाळणीचा दिवा झाला, तो भिंतभर ठिपके पाडी. दोन खुर्च्या एकमेकींवर उलट्या बसवून पुस्तकांची मांडणी झाली. झाडूच्या दांड्यांचा एक भलामोठा स्टँड झाला. त्याला आल्यागेल्यांच्या पिशव्या, कोट, टोप्या अडकवायला भरपूर खुंट्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर काकांची छत्री लटकत असे. बाकीच्या खुंट्यांवरची धूळ ते नेमानं पुसत.

आणि एके दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, रविवारी आम्ही चौघं तुमच्या गावावरूनच पुढे चाललोय. तासभर डोकावून जाऊ."

"तासभर? जेवायलाच या की!"

"नको हो. तुमच्याकडे बसायला तरी जागा आहे का? मागच्या खेपेला हे त्या सुटकेसच्या स्टुलावर बसले, आणि सुटकेस मिटली."

"कडी नीट लावली नव्हती."

"यांची पाठ अजून धरते, बाबा. तुम्ही काही करत बसू नका. उभ्या उभ्या भेटू."

काकांनी फोन ठेवला. बाकी काही त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. बसायला जागा नाही, एवढंच शिरलं. म्हणजे टेबल असलं तर ती बसतील. बसली तर जेवतील. जेवली तर जरा आडवी होतील. आडवी झाली की संध्याकाळ होईल, आणि अंधारात मुलाबाळांना घेऊन प्रवास कोण करतं? मुलगी रात्रभर राहील! इतका सरळ हिशेब होता. घोडं फक्त टेबलापाशी अडलं होतं.

छोटी खोली मुलीची. तिचं दार जुन्या, भरीव लाकडाचं होतं. काकांनी त्यावर हात फिरवला. एकट्या माणसाला आतलं दार हवं कशाला? आपण आपल्यापासून लपवणार काय? शिवाय या दाराशी त्यांचं जुनं वाकडं होतं. कोणत्या कॉलेजात जायचं यावरून बापलेकींचं वाजलं, तेव्हा मुलीनं हे दार असं आपटलं होतं की कडेला खोक पडली. संध्याकाळभर काका बाहेर उभे होते. टकटक करायला त्यांनी हात उचललासुद्धा होता, पण केली नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, मुलगी शिकायला लांब गेली, तिकडेच तिचं लग्न झालं, आणि बापलेकींचं बोलणं मात्र तेव्हापासून किलकिलंच राहिलं.

दार घासलं गेलं, त्याला पॉलिश झालं. कुलपाच्या भोकात मीठदाणी फिट्ट बसली, तेव्हा काका स्वतःशीच "वा!" म्हणाले. पाय म्हणून एका टोकाला काकूंच्या शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा आला. दुसरा सांगाडा कुठून आणणार, म्हणून ते टोक भिंतीला लोखंडी कोनांवर बसवलं, बोल्ट पिळले आणि वर गोंद ओतला.

टेबल घराच्या मुख्य दारापाशी येत होतं. ते दार आत उघडायचं. पण काका म्हणजे मापात चुकणारा माणूस नव्हे. त्यांनी आधी दार उघडलं, ते जिथवर आलं तिथे खडूनं खूण केली, आणि टेबल खुणेच्या बाहेर ठेवलं. चूक झाली ती एवढीच, की दार त्यांनी रोज उघडायचे तितकंच उघडलं होतं. दुधाची पिशवी आत यायला हात जाईल एवढी फट लागे, पेपरला त्याहून कमी. बाहेर पडायचं तर काका तिरके होऊन निघत. त्यापलीकडे ते दार उघडायची वेळच कोणी आणली नव्हती. दार म्हणजे एवढंच, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता.

रविवारी सकाळी काकांना आठवलं की टेबल झालं, पण खुर्च्यांची पुस्तकांची मांडणी होऊन बसलीय. ते तिरके बाहेर पडले आणि समोरच्या वहिनींकडे गेले. या वहिनी चांगल्या ऐसपैस बाई होत्या. काकू होत्या तोवर त्यांची या घरात रोजची ये-जा असे. नंतर, एकट्या पुरुषाच्या घरात उगाच कसं जायचं म्हणून त्या थांबल्या, आणि उगाच कसं बोलवायचं म्हणून काकाही थांबले.

"मुलगी येतेय? अहो, मग आधी नाही का सांगायचं!" असं म्हणत वहिनी दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन निघाल्या. काका पुढे होऊन तिरके आत शिरले, आणि मागून वहिनींनी लोटलेलं दार टक्कन टेबलावर आपटलं.

"भाऊजी, दार उघडा की."

"उघडलंय."

"हे उघडलंय?"

"पूर्ण उघडलंय, वहिनी."

"मग मी काय पाकिटात बसून येऊ?"

वहिनींनी आधी खुर्ची घालून पाहिली, मग स्वतःला घालून पाहिलं. दोन्ही अडकल्या. खुर्ची निघाली. वहिनी निघाव्यात म्हणून काका आतून ढकलू लागले, मग ढकलणं बरं दिसत नाही म्हणून थांबले, आणि शेवटी नुसतेच "श्वास सोडा, वहिनी, श्वास सोडा" म्हणत राहिले. वहिनींनी श्वास सोडला तो थेट खालच्या सुताराच्या नावानं. सुताराचं दुकान इमारतीच्या तळाशीच होतं. हाक ऐकून तो धावत आला. त्यानं वहिनींना मोकळं केलं आणि अंगानं काटकुळा असल्यामुळे सहज आत शिरला.

"टेबल सरकवा ना, साहेब."

"सरकत नाही. भिंतीत बोल्ट आहेत."

"मग बोल्ट काढू."

"वरून गोंद ओतलाय. भूकंप आला तरी हलू नये म्हणून."

"भूकंप येणार होता?"

"मुलगी येणार होती."

सुतारानं करवत काढली. "मग एवढा तुकडा कापतो. कामच मिटलं."

"नाही!" काका इतक्या जोरात ओरडले की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आपला एवढा मोठा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मग ते हळूच म्हणाले, "तिचं दार आहे ते."

सुतारानं टेबलाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि करवत ठेवून दिली. "मग हे मोठं दारच उतरवायला लागेल."

दार उतरलं, पण बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. त्या उतरता उतरता तुटल्या, आणि जाताना चौकटीची ढलपीही घेऊन गेल्या. सुतार दार खांद्यावर टाकून निघाला. "आज दुकानं बंद. उद्या सकाळी नव्या बिजागऱ्या आणून बसवून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

काका बिनदाराच्या घरात उभे राहिले. समोर थेट जिना दिसत होता, आणि जिन्याला थेट काका दिसत होते. इतके दिवस माणसं या बंद दारावरून मान खाली घालून जात. आता मान खाली घालून जाणं बरं दिसेना. वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण उतरता उतरता थबकली.

"काका, घर सोडून चाललात?"

"छे, छे! टेबल केलंय."

टेबल केलं तर दार कुठे गेलं, हे विचारल्यावाचून पुढे जाणं कोणालाच शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाई आत आल्या, मीठदाणी बघून हसल्या आणि बसल्या. वहिनी आता आडव्या-उभ्या कशाही आत येऊ शकत होत्या. त्या खुर्च्या घेऊन आल्या, मग पातेली घेऊन आल्या, मग स्वतःच्या नवऱ्याला घेऊन आल्या. खाली सुताराच्या दुकानाबाहेर ठेवलेलं दार बघून भंगारवालाही वर आला.

"काय काय द्यायचंय, काका?"

"काही नाही. हे सगळं मी भंगारातूनच केलंय."

"दिसतंय ना. म्हणूनच विचारलं, परत करताय का?"

हशा पिकला. काकाही हसले. भंगारवाल्यानं कुकरच्या घड्याळाकडे दयेनं पाहिलं, आणि चहा आल्यावर तोही टेकला. झाडूच्या दांड्यांच्या स्टँडवर डॉक्टरीणबाईंची पर्स, वहिनींची पिशवी आणि भंगारवाल्याची टोपी लटकली. टोपी पडली म्हणून उचलायला काका उठले आणि मुद्दाम दुसऱ्या खुंटीवर लावून आले. वहिनींचा नवरा बोल्ट हलवून बघत होता, डॉक्टरीणबाई दाढ काढायच्या पकडीनं तो निघेल का यावर बोलत होत्या, आणि सगळे एकाच वेळी सल्ले देत होते.

तेवढ्यात जिन्यात कोणीतरी धावत आल्याचा आवाज झाला, आणि "बाबा!" अशी किंकाळी आली. चौकटीत मुलगी उभी होती. तोंडावरचा रंग उडालेला, पदर खांद्यावरून ओघळलेला. मागे धापा टाकत जावई आणि नातवंडं.

"अगं, काय झालं?" काका उठले.

"खालून बघितलं तर दारच नाही, आणि आत एवढी माणसं..." तिनं चौकटीला धरलं. "आई गेली तेव्हाच या घरात असं..."

पुढचं काकांना कळलं, सगळ्यांनाच कळलं, आणि सल्ले बंद पडले. काका तिच्याजवळ गेले. काय करावं हे त्यांना सुचेना. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि स्टँडवर अडकवली.

"मी ठणठणीत आहे, बाळा. टेबल केलंय तुमच्यासाठी. बस ना."

मुलीनं डोळे पुसून टेबलाभोवती पाहिलं. खुर्ची न् खुर्ची भरलेली होती.

"बाबा, मी कुठे बसू?"

सगळी इमारत एकदम उठली. जावयाला कोणीतरी सुटकेसचं स्टूल पुढे केलं, तेव्हा ते घाईघाईनं म्हणाले, "नको नको, मी उभाच बरा." नातवंडं टेबलाखाली शिवणयंत्राच्या पायटीवर जाऊन बसली आणि ती हलवू लागली. मुलगी बसली. टेबलावर हात ठेवताच तिची बोटं कडेच्या खोकेवर गेली, आणि तिथेच थांबली.

"हे माझ्या खोलीचं दार आहे."

"हो," काका म्हणाले. "आता आपटता येणार नाही."

ती हसू लागली, आणि हसता हसता तिनं खोकेवर हात तसाच ठेवला. "त्या दिवशी तुम्ही बाहेर उभे होतात ना? मला खालच्या फटीतून पाय दिसत होते."

"तू उघडायचं होतंस."

"तुम्ही वाजवायचं होतंत."

जेवणं झाली. इमारत भांडी घासून, खुर्च्या ठेवून पांगली. निघायची वेळ झाली तशी काका सारखे कुकरच्या घड्याळाकडे बघू लागले. हिशेबाप्रमाणे कोणी आडवंसुद्धा झालं नव्हतं. जावई गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभे होते. मुलगी मात्र उघड्या चौकटीकडे बघत होती.

"बिनदाराच्या घरात तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ मी?"

"अगं, चोर आला तरी काय नेईल? भंगारवाल्यानंसुद्धा काही घेतलं नाही."

"ते काही नाही. दार बसेपर्यंत आम्ही राहतो."

"उगाच तुमचा खोळंबा," काका म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. नळाखाली धुवायला काहीच नव्हतं.

सकाळी सगळे उठायच्या आत काका दूध आणायला म्हणून खाली गेले. सुतारानं नुकतंच दुकान उघडलं होतं. दार भिंतीला टेकून होतं. काकांनी उगाच इकडेतिकडे पाहिलं, खाकरले.

"मी काय म्हणतो, घाई नको. बिजागऱ्या चांगल्या निवडून घे. चौकटीला पण जरा वेळ लागेल, नाही का? आणि दाराला पॉलिश हवंच. एक हात दिला की वाळू दे. मग दुसरा."

सुतार हसायला लागला. "साहेब, बापलेकींनी एकदा बसून ठरवा की. काल संध्याकाळीच ताईंनी वहिनींकडून माझा नंबर घेतला. म्हणाल्या, बुधवारच्या आत दार आणलंत तर बघा."

"बुधवार म्हणाली?"

"हो."

"माझ्या मनात शुक्रवार होता," काका म्हणाले. "पण तिला सांगू नकोस."

त्यांनी दुधाच्या चार पिशव्या घेतल्या, दोन्ही हातांत धरल्या आणि जिना चढले. वर छोट्या खोलीतून नातवंडांचा आवाज येत होता. घरात शिरताना काका सवयीनं तिरके झाले, मग थांबले, आणि सरळ होऊन आत गेले.